तळघरकरने राउटरचा नंबर बदलला

आडनाव काहीही असो, डेअरीत त्याला सगळे तळघरकरच म्हणत. म्हणणार नाहीत तर काय! डेअरीतल्या सगळ्या संगणकांच्या तारा ज्या तळघरात येऊन मिळतात, तिथे हा पन्नाशीचा गडी दिवसभर पंख्यांच्या घरघरीत एकटा. वर सगळं सुरळीत चाललं की त्याची आठवण व्हायचं कुणाला कारणच नाही. जिन्यात गाठ पडली तर पॅकिंगवाली मावशी तेवढी टोमणा मारायची, "काय तळघरकर, बटाट्यासारखे कोंब फुटले की नाही अजून?" हा हसायचा आणि खाली उतरायचा.

खाली मोबाइलला रेंज नाही. टेबलावर एक फोन, तोही डेअरीच्याच जाळ्यातून चालणारा. जेवणाच्या सुट्टीत त्यावर रोज आईचा फोन यायचा. आई दूर गावी, वृद्धाश्रमात, आठवण विरत चाललेली. तिथल्या ताई नंबर लावून द्यायच्या, "आजी, मुलगा आहे हं," म्हणायच्या, की गाडी रुळावर. पण मध्येच फोन तुटला तर सगळं मुसळ केरात. पुन्हा लावला की आई परक्याला विचारावं तसं विचारायची, "कोण बोलतंय?" म्हणून फोन तुटायची त्याला भारी धास्ती.

आणि काम निघालं ते नेमकं त्याच सुट्टीत, वरचे संगणक जरा थंडावतात म्हणून. दुसरी एक डेअरी यांच्यात सामील होणार होती, दोघींची जाळी उद्या जोडायची होती. आता राउटर म्हणजे माहितीला वाट दाखवणारं यंत्र. ते शेजारच्या राउटरांना स्वतःची ओळख एका नंबराने सांगतं. इथल्या मुख्य राउटरचा आणि तिकडच्या एकाचा नंबर निघाला एकच! एका वर्गात एकाच हजेरी नंबराची दोन पोरं. मास्तरांनी करायचं काय? नंबर बदलणं आलं. पण नुसता नवा नंबर घालून भागत नाही. वाटा ठरवणारी यंत्रणा त्या राउटरवर बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. तेवढ्यात शेजारी ओळख सोडतात, आणि त्याच्यातून जाणारं सगळं तुटतं.

आज फोन घेऊच नये? पण एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी आईला ओळख पटता पटत नसे. घंटी वाजली. त्याने उचलला.

"जेवलास का रे?"

"जेवलो गं. तू बोल, मी जरा हात चालवतो."

"तुझे हात गप्प होते कधी? बाबांचं घड्याळ उघडून बसलास, मग वेळ कळायची कशी? दूधवाला आला की बाबा दाढीला बसायचे!"

त्याने आधी या राउटरच्या वाटांची किंमत भरमसाट वाढवली. शेजाऱ्यांनी हिशेब केला, ही वाट महाग पडते, आणि सगळी रहदारी आपणहून बाजूच्या राउटरवरून वळली. आईचा आवाजही वळला, पण एक अक्षर अडखळलं नाही. राउटर रिकामा झाल्याचं पाहून त्याने नवा नंबर घातला, यंत्रणा पुन्हा सुरू केली. पडद्यावरून शेजारी भराभर नाहीसे झाले. त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"...आणि दूधवाल्याने सुट्टी घेतली, तर बाबांची दाढी तशीच!" आई खुदखुदत होती.

शेजारी नव्या नंबरावर परत जोडले गेले. त्याने किंमत पूर्वीसारखी केली. वर कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही.

"झालं गं! तुटला नाही फोन!" तो जवळजवळ ओरडलाच.

लाइन चालू होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

"अगं, मी" ओठांवर आलं होतं, पण तिचा आवाज घाबरलेला वाटला.

"मी... फोनची लाइन बघणारा."

"असं होय. एकटेच आहात? आवाज घुमतोय तुमचा."

"हो. तळघरात बसतो मी."

"अगबाई! मग बोलायला कोण?"

"आई फोन करते. रोज, याच वेळेला."

"मग ठेवते हो मी," ती घाईघाईने म्हणाली. "तिला लागायचा नाही."

आणि तिने फोन ठेवला.