ओटीतला खण

कर्ज फिटेपर्यंत गावी जायचं नाही, हे माझं मीच ठरवलं होतं. बडोद्याहून आमच्या लातूरकडच्या गावाला जायचं म्हणजे आधी रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग एसटी. चौघांचं जाऊन-येऊन भाडं धरलं की एका महिन्याचा हप्ता त्यातच जातो. शिवाय इतक्या लांबून रिकाम्या हाताने माहेरी कोण जातं? आईला साडी, भावाच्या पोरांना काहीतरी, असं करत पिशवी भरतेच. तेव्हा आधी कर्ज, मग आई. ठरवलं तेव्हा वाटलं होतं, वर्षभराचा तर प्रश्न आहे. दुसरं वर्ष संपत आलं आणि आई फोनवर "कवा येतीस" विचारायची बंद झाली. विचारत होती तेव्हा चीड यायची, विचारेनाशी झाल्यावर झोप उडाली.

कर्ज झालं ते नवऱ्याच्या पाठीच्या ऑपरेशनचं. तो मकरपुऱ्यात एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. कितीतरी महिने घरी बसला. आधी बचत गटाचं घेतलं, त्याचे हप्ते भरायला दिराकडून, दिराचं फेडायला आणखी कुणाकडून. गटाचा माणूस आठवड्याच्या वारी दारात खुर्ची मागून बसायचा आणि पैसे हातात पडेपर्यंत उठायचा नाही. तेव्हा मी मांजलपुरात ज्या काकूंकडे स्वयंपाक करते, त्यांनी सगळं एका दमात भागवून टाकलं. काकू म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्या राहतात. त्यांच्या सासरची माणसं पूर्वी संस्थानच्या कचेरीत होती. बोलतात आपल्यासारखंच मराठी, पण भाजीला शाक म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी गुजरात्यांसारखा 'ने' लावतात. त्या म्हणाल्या, व्याज नको, कागद नको, जमेल तसं देत जा. मी त्यांच्या पाया पडले आणि मनापासून पडले. आठवीत शाळा सुटलेल्या, या शहरात कुणी नसलेल्या बाईला कोण असं देतं? आजही सकाळी देवापुढे हात जोडते तेव्हा त्यांचं नाव आधी येतं.

पण एक सांगते. गटाच्या माणसाला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घालायचे आणि तो गेला की मोकळी व्हायचे. काकूंना शिव्या घालता येत नाहीत. त्यांचे पैसे देणं असताना त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज उभं राहायचं, म्हणजे अंगावर काय आहे, हातात काय आहे, याचा सतत विचार. माझी चप्पल तुटली तेव्हा नवी घेतली, ती त्यांच्या जिन्याखाली काढून पिशवीत घालायचे आणि अनवाणी वर जायचे. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोबाईलवर एक माणूस कर्ज फेडायचे उपाय सांगतो. हॉटेलात जाणं कमी करा, बाहेरची कॉफी बंद करा, गरज नसलेले कपडे घेऊ नका. नवऱ्याने मोठ्या हौसेने लावून दाखवलं. मी म्हटलं, त्याला विचारा, ज्यांनी हे कधी सुरूच केलं नाही त्यांनी काय बंद करायचं? आमच्याकडे तेलाची पिशवी संपली की कात्रीने उभी फाडून आतून कणकेचा गोळा फिरवते. कुकरमध्ये डाळ, भात, बटाटा एकावर एक. शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद, उरलेलं वाफेवर. भाजी अंधार पडताना आणायची, हातगाडीवाला घरी निघायच्या घाईत असतो. "ले जाओ बेन, सब ले जाओ," म्हणून ढीगच्या ढीग ओततो. निम्मी वांगी किडकी निघतात, पण निम्मी तर चांगली असतात. थंडीत फ्रिज बंद. माणसं कोंबून नेणाऱ्या शटल रिक्षाचेही पैसे वाचवायला चालत. मुलगी एकदा म्हणाली, मम्मी, आपण आणखी काय काय वाचवतो? तिने सहज विचारलं होतं. मी तिच्यावर उगाच ओरडले.

या सगळ्यात माझ्या ट्रंकेतले खण. ओटीत आलेला ब्लाउजपीस मी कधी शिवत नाही. शिलाई आता कापडाच्या दुप्पट झाली आहे. आणि आलेला खण पुढे दिला नाही, तर कुणाची ओटी भरायची वेळ आली की लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन नवा विकत आणावा लागतो. सगळ्याच बायका हे करतात. लाल, हिरवे, कडक घडीचे हे खण वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरतात, त्यांची घडी मोडलेली कुणी पाहिलेली नसते.

चैत्रात काकूंकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं, बायका आल्या आणि गेल्या. बाकीच्यांची त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. सगळ्या गेल्यावर मला पाटावर बसवलं आणि हरभऱ्यांबरोबर नारळ आणि मोरपंखी रंगाचा खण घातला. म्हणाल्या, "हा शिवून घे हं. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." मी हो म्हटलं. असं तर सगळ्याच म्हणतात.

त्याच आठवड्यात आमच्या खालच्या खोलीतली पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, नंदुरबारकडे. या चाळीवजा इमारतीत मराठी घरं आमची दोनच, तेव्हा तिची ओटी मी भरायला हवी. गहू घरात होते. नारळ काकूंचा होता. ट्रंक उघडली तर वरच मोरपंखी खण. एक रुपया खर्च न होता ओटी झाली याचा मला इतका आनंद झाला, की तिला रिक्षापर्यंत सोडायलाही गेले.

मुलांना सुट्ट्या लागल्या. मी पोळ्या करत असताना काकू विचारायला लागल्या, "मग, तिकीट काढलंस ने?" मी म्हणायचे, बघते. दोन दिवसांनी परत तेच. मला वाटलं, सहज विचारतात. महिन्याच्या सुरुवातीला मी हप्ता दिला. एरवी त्या "ठेव तिथे" म्हणतात. त्या दिवशी नोटा हातात घेऊन बघत राहिल्या आणि आत गेल्या. मग त्यांचं बोलणं कमी झालं. मी डोक्यात सगळं घोळवून पाहिलं. मीठ जास्त पडलं? चप्पल दिसली? मांडणीतलं काही हरवलं आणि माझ्यावर संशय आहे? असा कोंडमारा गटाच्या माणसाने कधी केला नव्हता. शेवटी एके दुपारी मीच विचारलं की काकू, माझं काही चुकलं का?

त्या म्हणाल्या, "माझेच पैसे मला हप्ता म्हणून परत करतेस. मी काय समजायचं?"

मला काही कळेना. कोणते पैसे?

"खणाच्या घडीत ठेवले होते ते. तुझ्या गावच्या भाड्याचे."

 तव्यावरची पोळी करपली, ती उलटायचं सुचलं नाही. मग काकूंनीच पुढे होऊन गॅस बंद केला. मी सांगितलं की खण माझ्याकडे नाही, खालच्या पोरीच्या ओटीत गेला.

"न उघडता?"

"काकू, खण कोण उघडतं?"

त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि लगेच गेलं. मला मात्र हसू नाही, राग आला. ज्या बाईने आपल्याला एवढं दिलं तिच्यावर रागवायचा हक्क आपल्याला नाही, हे माहीत असूनही आला. मी म्हटलं, हातात द्यायचे होते, लपवून कशाला द्यायचे? आम्ही पिशवीतला तेलाचा थेंब सोडत नाही आणि तुम्ही नोटा घडीत घालता.

"हातात घेतले असतेस?" त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी पोरांच्या वह्यांचे दिले ते दुसऱ्या दिवशी मला हप्ता म्हणून आणून दिलेस. तुझ्याशी सरळ वागायची सोय ठेवली आहेस का तू?"

मी करपलेली पोळी बाजूला काढली आणि उरलेल्या लाटल्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, फोन कर आणि मागून घे, त्यात काय. ओटीत घातलेलं परत मागायचं? तेही दिवस भरलेल्या पोरीकडून? तो म्हणाला, खण तिचा, पैसे आपले. मी म्हटलं, पैसेही आपले नाहीत, तोच तर सगळा घोटाळा आहे. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी फोन मी लावला. ती बाळंत झाली होती, मुलगी. गोड आवाजात सगळं सांगत राहिली, दूध येतं की नाही, सासू येऊन गेली. मी मधेच, सहज विचारल्यासारखं, मोरपंखी खण शिवलास का, असं विचारलं.

"तो होय ताई? नणंद आली होती ना बाळाला बघायला, तिची ओटी भरली त्याने. का हो, हवा होता का?"

"नाही गं. रंग चांगला होता, म्हणून."

नणंद सुरतेला असते. तिने तो कुणाला दिला असेल किंवा देणार असेल, देव जाणे. आमच्या घरच्या चौघांचं भाडं कुठल्यातरी ट्रंकेत कडक घडीत बसलेलं आहे, आणि ज्या बाईच्या ट्रंकेत आहे तीही बहुतेक किडकी वांगी निवडत असेल. या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी काकूंना म्हटलं, तेवढे पैसे माझ्या खात्यावर चढवा. त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. आणि पुढचा हप्ता मी घेणार नाही. आधी आईला भेटून ये, मग तुझे पैसे." म्हणजे कर्ज एक महिना पुढे गेलं. भल्यासाठीच म्हणाल्या, मला कळतं. पण मी एवढी दोन वर्षं घासून घासून जे मागे रेटत आणलं, ते त्यांनी एका वाक्यात पुढे ढकललं आणि वर मी त्यांचे आभारही मानायचे. मी मानले. पोळ्या झाकून ठेवल्या आणि घरी आले.

पैसे डब्यात होते, हप्त्यासाठी बाजूला काढलेले. नवरा म्हणाला, मला सुट्टी मिळायची नाही, तू पोरांना घेऊन जा. मी आईला फोन लावला.

"फिटलं का कर्ज?" आईने विचारलं. दोन वर्षं मी तिला हेच सांगत आले होते ना, फिटलं की येते म्हणून.

"नाही अजून."

"मग कशाला येतीस? मी काय पळून चाललेय का? एवढं केलंस, आता आणखी थोडं. कशाला पैसा घालवायचा गाडीला."

माझीच वाक्यं, माझ्याच आईच्या तोंडून. मी रडले असते, पण फोनमध्ये बॅलन्स मोजकाच होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकीट काढलंय आई. आता परत केलं तर पैसे कापतात."

 फुकट पैसे कापून घ्यायचे, हे आमच्या घरात कुणालाच पटणारं नव्हतं.

"किती कापतात?"

"बरेच."

"मग ये," आई म्हणाली. "कापून कशाला द्यायचे त्यांना. पोरांना आण. कवाची गाडी हाय?"

उद्या सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. मुलीला म्हटलं, भावाकडे बघ. डब्यातले पैसे पदराला बांधले आणि तिकिटाची खिडकी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, स्टेशनपर्यंत शटल रिक्षा केली.