केसांची फुलं

आई पुण्यात वारली तेव्हा मी इथे, टोकियोतल्या निशी-कसाईत होते. तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. निघताना वहिनीने आईच्या दोन साड्या दिल्या. इथे येऊन घडी मोडली, तर आतून गंगावन पडलं. तरुणपणी स्वतःचेच गळलेले केस साठवून आईने ते करून घेतलं होतं. सणावारी वेणीत गुंफायची.

तेव्हापासून कपाटातून माक्याच्या तेलाचा वास येतो. मला एकटीलाच. नवरा म्हणतो, "काहीतरीच तुझं!" मावशी मात्र फोनवर कडाडली, "अगं, गेलेल्या माणसाचे केस घरात ठेवतात का? जीव अडकतो तिचा. जाळून टाक."

जाळू कुठे, डोंबल! इथे फोडणीचा धूर झाला तरी छतावरचा अलार्म केकाटतो. उरला शुक्रवार, पालिकेची गाडी जाळायचा कचरा नेते तो. केळ्याच्या सालींबरोबर आई.

त्याआधीच्या रविवारी लेकीने म्युझियमला ओढत नेलं. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या घरांमधल्या वस्तू मांडल्या होत्या. रंगवलेल्या लाकडी पेट्या, खुर्च्या, आणि भिंतीवर कॅनडातल्या बर्फाची चित्रं. लेक पुढे पळाली. मी एका काचेपाशी थांबले. आत तपकिरी, करड्या फुलांचं तोरण होतं. वाकून पाहिलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. केस होते ते! पाटीवर लिहिलं होतं, बायका घरातल्या गेलेल्या माणसांचे केस तारेवर गुंफून फुलं करायच्या आणि चौकटीत घालून बैठकीत लावायच्या.

बैठकीत! आल्यागेल्याला दिसेल असं! आणि मी बावळट, सालींखाली लपवायला निघालेले. तिथेच रडू फुटलं. लेक धावत आली, "दाइजोबु?" म्हटलं, "बरी आहे गं, चल."

शुक्रवारी सकाळी कचऱ्याची पिशवी भरली, पण गाठ मारवेना. मग आरशासमोर उभी राहून गंगावन वेणीत गुंफलं. माझे केस पिकलेले, त्यांच्याखाली आईचे काळेभोर. माझ्याहून तरुण होती ती.

लेक दप्तर घेऊन बाहेर आली आणि मला पाठमोरी बघून थबकली. घरात एरवी जपानीच बोलणारी पोर हळूच म्हणाली, "आजी?"

मी लगेच वळले नाही. खाली कचऱ्याची गाडी येऊन निघून गेली. मावशी म्हणते, जीव अडकतो. अडकू दे की! मी तिला निरोप द्यावा म्हणून कुणी थांबलं नाही. आता मी तिला इतक्यात जाऊ देणार नाही.