शिट्टीच्या आतला माणूस

माझी नोकरी वाचवली ती आमच्या घरमालकांनी, आणि तीही मला पिवळं कार्ड दाखवून. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकताना हसण्यात मूळ गोष्ट राहून जायची. पालघरपासून तारापूरपर्यंत घरमालक खंडीभर असतील, पण भाडेकरूंच्या भांडणात शिट्टी फुंकत धावून येणारा आणि अख्ख्या जगाकडे फुटबॉलचं मैदान म्हणून बघणारा दुसरा कुणी जन्माला आलेला नाही, यावर मी कुणाशीही पैज लावीन.

सालवडला त्यांची वाडी होती, तिथे आता आमच्या खोल्यांची ओळ आहे. मालक साठीच्या पुढचे. अंगात कायम काळी हाफपँट, गळ्यात शिट्टी. ती अंघोळीलाही उतरत नाही आणि लग्नातही हारासोबत होती, असं मालकीणबाई सांगतात. रविवारी केळव्याच्या वाळूत असो की बोईसरच्या मातीत, सामना असला की पंच हेच. त्यांचा लाडका नियम म्हणजे फायदा. फाऊल झाला, पण खेळ चालू ठेवण्यात ज्याच्यावर झाला त्याचंच भलं असेल, तर शिट्टी वाजवायची नाही. दोन्ही हात पुढे पसरायचे आणि बघायचं. भलं झालं नाही, तर लगेच मागे येऊन फाऊल द्यायचा. "शिट्टी कोनीपन वाजवील रे," ते म्हणतात, "न वाजवायला छाती लागते."

हा नियम ते नळावरही लावतात. एकदा आमच्या शेजारच्या बिहारी भावाची बादली कुणीतरी लाथेनं उडवली. "चाचा, देखो, मेरी बाल्टी!" तो ओरडला. मालक ओट्यावरून धावत आले, पण शिट्टी तोंडापर्यंत नेऊन थांबले, कारण बादली घरंगळत बरोबर दुसऱ्या, रिकाम्या नळाखाली जाऊन उभी राहिली होती. मालकांचे हात पुढे गेले. "फायदा! भर पानी, खेळ चालू!" बादली भरली, नळ बंद झाला, आणि मग शांतपणे लाथ मारणाऱ्यासमोर जाऊन त्यांनी खिशातून कार्ड काढलं. घरात मालकीणबाई बोलायला लागल्या की तिथेही असेच हात पसरून उभे राहतात. बाईही खमक्या. बोलता बोलता त्या हातांवर ओले टॉवेल वाळत घालतात. "निदान उपेग तरी होऊ दे या माणसाचा!"

पण मला खरा अचंबा वाटायचा तो त्यांच्या दुसऱ्या नियमाचा. भांडण लागलं की त्यांची नजर भांडणाऱ्यांवर नसते, कडेला उभं राहून चिथावणाऱ्यांवर असते. "खेळनारा दमलेला असतो, बाहेरचा ताजा असतो. घान तिथून सुरू होते." बदली खेळाडू बाकावर बसून शिव्या देईल किंवा न विचारता आत घुसेल, तर त्यालाही कार्ड. "बदली हाय म्हनून सुटला असं नाय. रेषेच्या बाहेर बसला तरी तो शिट्टीच्या आतच हाय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला घास हातातच राहिला. मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला, आणि कारखान्यात पॅकिंगला बदली कामगार. बदली म्हणजे कुणी कायमचा माणूस आला नाही, तर मी. सकाळी गेटवर उभं राहायचं आणि आतून हाक येते का याकडे कान लावायचे. आपण कशाच्या तरी आत आहोत, असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग कारखान्यात खात्याखात्यांचे सामने लागले. पंच अर्थातच मालक. मी पॅकिंगच्या बाकावर, तिथेही बदलीच. खेळ रंगात आला असताना आमचा गोलकीपर पोटरी धरून खाली बसला आणि समोरच्यानं रिकाम्या गोलकडे चेंडू मारला. मला बघवेना. चपलांसकट मी आत धावलो, घसरलो, आणि चेंडू माझ्या टाचेला घासून जाळ्यात गेला. मान वर केली तर मालकांचे हात पुढे पसरलेले. बाहेरच्यानं घुसून अडवायला बघितलं तरी चेंडू आत गेला, म्हणजे समोरच्यांचं नुकसान नाही; गोल पक्का.

आमचे सुपरवायझर बाकावरून कडाडले, "बदली ना रे तू? याचा गेटपास काढून घ्या! उद्यापासून गेटवर दिसायचं नाही." गावाकडे बायको आणि लेक याच गेटपासवर जगत होत्या. तेवढ्यात मालक चालत आले आणि माझ्यासमोर पिवळं कार्ड धरलं.

"याला कसलं कार्ड देता? हा नुसता बदली!"

"बदलीला पन असतं. याची शिक्षा झाली. एका फाऊलला दोन शिक्षा माज्या मैदानात नाय."

"मैदान कंपनीचं आहे!"

मालकांनी तेच कार्ड सुपरवायझरांसमोर धरलं. "बाकावरचा साहेब पन शिट्टीच्या आतच हाय."

मैदान हसलं. सामना बघायला आलेले कंपनीचे मोठे साहेबही हसले आणि म्हणाले, "पंच म्हणतील तेच. शिक्षा झालीये, विषय संपला."

त्या आनंदात मी गावी बायकोला फोन लावला. "अगं, कार्ड मिळालं!"

"कंपनीचं? पक्के झालात म्हना की वो!" आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं फोन ठेवला. परत लावला तर लेक म्हणाली, आई गल्लीत साखर वाटायला गेली.

मी रडवेला होऊन मालकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि हळूच दोन्ही हात पुढे केले. "आज हसू दे तिला. पन फायदा जास्त वेळ चालत नाय. सकाळी मागं येऊन शिट्टी वाजव."

सकाळी मी खरं काय ते सांगितलं. तिनं कार्ड कसलं ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी काढलं नाई ना वो तुम्हाला? मग साखर वाया नाई गेली."

मी अजून बदलीच आहे. मालकांचे गुडघे आता कुरकुरतात. चेंडू पुढे जातो आणि ते मागे राहतात, पण हे त्यांना कुणी सांगत नाही. मी त्यांच्याकडून नियम शिकतो आहे. ज्या रविवारी त्यांना धावणं जमणार नाही, त्या रविवारी त्यांना बाकावर बसवून त्यांची शिट्टी मी गळ्यात घालीन आणि त्यांच्या वाटचं धावीन. फक्त या वेळी रेषा ओलांडण्याआधी त्यांच्याकडे बघीन, आणि त्यांनी मान हलवली की मगच आत जाईन.