कुलूपवाल्याच्या घरी स्पॅनियल

बाजारामागच्या गल्लीत कुलूपवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा! तो आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. पण अडकलेलं दार उघडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. किल्ली हरवून रडकुंडीला आलेली माणसं तो दोन मिनिटांत घरात पोचवायचा आणि वर टोमणा मारायचा, “असलं कच्चं कुलूप लावतात होय?” अशा माणसाच्या घरात भरदुपारी चोर शिरला, तोही कुलूप न फोडता. लोकांनी तोंडावर हळहळ केली आणि पाठ वळताच पोटभर हसून घेतलं.

हसू देत. त्याला काळजी होती ती बायकोची. चोराने एक रेडिओ आणि भिंतीवरचं घड्याळ तेवढं नेलं होतं, पण ती त्या दिवशी जी घाबरली ती घाबरलीच. घरी शिवणकाम करायची ती. आता मशीन दाराकडे तोंड करून मांडलं होतं. चार टाके घालायची की हात थांबवून कान द्यायची. पाच महिन्यांत तिने उंबरा ओलांडला नव्हता. कुलूपवाल्याने कुलूप बदललं, दाराला आतून दोन कड्या बसवल्या. तरी संध्याकाळी त्याने किल्ली फिरवून हाक मारली की कड्या काढायला येणारी बायको पांढरीफटक पडलेली असायची. दिवसभर एकटी असते म्हणून, असं तो स्वतःला समजवायचा.

मग एके दिवशी ती म्हणाली, “महिनाअखेरीला मी ताईकडे जाते. तिथे सारखी माणसं असतात.”

कुलूपवाल्याचं धाबं दणाणलं. ती एकदा गेली की परत येणार नाही, हे त्याला न सांगता कळलं. कुत्रं आणतो, म्हणाला तो. इमारतीत मोठ्या कुत्र्याला मनाई होती. चौकशी करता कुणीतरी गावाबाहेरच्या बाईंचं घर सांगितलं. त्या तीस वर्षं स्पॅनियल कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती पाळत होत्या आणि कुत्रं देण्याआधी मुलीच्या बापासारख्या खोदून खोदून विचारायच्या. कुत्र्याजवळ दिवसभर जे माणूस असेल त्याला घेऊन या, ही त्यांची अट होती. टॅक्सीत बायकोने त्याचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांना मुंग्या आल्या.

“भुंकणारं द्या,” त्याने गेल्या गेल्या सांगितलं. “चांगलं खणखणीत.”

“घर केवढं?”

“दोन खोल्या. तिसरा मजला. ही घरीच शिवणकाम करते.”

“मग हा स्प्रिंगर विसरा. याला मोकळं रान लागतं. दोन खोल्यांत कोंडलात तर आठ दिवसांत उशा फाडेल, शिवायला आलेली कापडंसुद्धा. भुंकायचं म्हणाल तर कॉकर आहे. दूधवाल्यावर भुंकेल, पेपरवाल्यावर भुंकेल, काही नाही मिळालं तर वाऱ्यावर.”

कॉकरने लगेच नमुना दाखवला आणि बायको दचकून भिंतीला लागली. बाईंनी त्याला आत नेलं आणि एक बुटकं, लांब कानांचं कुत्रं सोडलं. ते सरळ येऊन तिच्या मांडीवर चढलं. पाच महिन्यांनी ती हसली.

“कॅव्हेलियर,” बाई म्हणाल्या. “बसून काम करणाऱ्याला याच्यासारखी सोबत नाही. पण खोटं कशाला बोलू? हा चोरालाही शेपटी हलवून दाखवेल.”

बायकोने कुत्रं हलकेच खाली ठेवलं. “मग नको.”

“तेच तर मी म्हणतोय,” कुलूपवाला म्हणाला, “भुंकणारं—”

“भुंकणारं नको!” ती एकदम बोलली. मग त्याच्याकडे न बघता बाईंनाच सांगू लागली. “चोर आला त्या दिवशी मी दाराकडे पाठ करून मशीनवर होते. कुलूप उघडलं. यांच्या किल्लीने उघडतं तसंच, हळू. मला वाटलं, हेच आले. म्हटलं, आज लवकर? वाढू का जेवायला? मी आपली बोलतेय. कंबर दुखते म्हटलं, दोरे संपले म्हटलं. वळले तर तो माणूस हातभर अंतरावर उभा होता. आता रोज संध्याकाळी किल्ली फिरते ना, तेव्हा माझ्यासाठी तोच येतो. यांनी हाक मारली तरी, तोंड दिसेपर्यंत तोच. सगळ्यांवर भुंकणाऱ्याने बाहेर कोण आहे ते मला कसं कळणार?”

आपण घरी पोचलो की तिची भीती संपते, असं कुलूपवाला आजवर धरून चालला होता. उलट रोज तो स्वतःच ती भीती घरी घेऊन येत होता.

बाई उठल्या आणि चार वर्षांची एक तपकिरी कुत्री घेऊन आल्या. ती कुणाच्याच अंगाशी गेली नाही. लांब बसून दोघांना न्याहाळत राहिली.

“फील्ड स्पॅनियल. परक्याला जवळ करत नाही, उगाच तोंड वाजवत नाही. आपलं माणूस कुठलं, हे हिला बंद दाराआडून कळतं. पण हिला दुपारीही बाहेर न्यावं लागेल. त्याशिवाय मी देणार नाही.”

कुलूपवाला दुपारी दुकानात. त्याने मान खाली घातली.

“मी नेईन,” बायको म्हणाली.

पहिले आठ दिवस कुत्री कुलूपवाल्यावरच गुरगुरली. हळूहळू तिने त्याला घरचा मानलं. दुपारी बायको तिला घेऊन आधी एक मजला उतरली, मग फाटकापर्यंत गेली, असं तो रोज ऐकत होता. विश्वास मात्र बसत नव्हता.

महिना संपायला दोन दिवस होते. जवळच्याच एका घरचं काम आटोपलं म्हणून तो दुपारी घरी आला. हाक मारली, उत्तर नाही. किल्ली फिरवली तर कड्या लावलेल्याच नव्हत्या. आत शिरताच दार मागे आपोआप लागलं. घर रिकामं. ‘ताईकडे गेली,’ एवढंच त्याच्या डोक्यात आलं. कुत्री कुठे आहे हेही सुचेना. तो मशीनपुढच्या स्टुलावर बसला.

जिन्यावर पावलं वाजली. दारासमोर येऊन थांबली. कुणी बोललं नाही. मग कुलपात किल्ली शिरली.

दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी दाराआड तो चोरच उभा आहे, असं त्याला वाटलं. उठावंसं वाटलं, उठता येईना. किल्ली हळूहळू फिरत होती.

दारावर धप् धप् शेपटी आपटली. “अगं, थांब, उघडतेय ना!” बायकोचा आवाज. ती आत आली, घामाघूम, तोंडभर हसत. “मला खालच्या जिन्यावरच कळलं, तुम्ही घरी आलाय. हिची शेपटी थांबेच ना.” मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. “अहो, काय झालं?”

“किल्ली,” तो कसाबसा म्हणाला. “किल्ली फिरली आणि...”

तिने दार लोटलं, त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याचा गार पडलेला हात हातात घेतला.

“हो,” ती म्हणाली. “अगदी असंच.”