कुसळांची जुडी

“गळ्यात टाक दिसला नाही हो त्या नव्या सुनेच्या!”

“शिकलेलं घर ते, काकू. तिथल्या सवतीसुद्धा मॅट्रिक झाल्यावरच त्रास देत असतील!”

बायकांच्या मांडवात हशा पिकला. मी कनातीला लागूनच उभी होते, पण त्यांना दिसले नाही. मी सहसा कुणाला दिसत नाहीच.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. दादाही तसल्याच विचारांचा. माईवहिनी गेल्यावर वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न झालं. गेलेलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी आमच्याकडे रीत. दादाने ती साफ मोडून काढली. मला ते पटलंही होतं. तरी मांडवातलं बोलणं ऐकून मला... बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

इंदिरा, म्हणजे दादाची नवी बायको, माझ्याच वयाची. घरात येऊन काही महिने झाले होते, पण मी तिला एकदाही वहिनी म्हटलं नव्हतं.

तो मांडव ज्या बागेत होता, ती सोलापूरहून मोहोळच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, एका गिरणीमालकाची. रविवारी कुटुंबांना खुली असायची. मुलांना झोपाळे, बायकांना वेगळा मांडव, आणि मागे कुंपण घातलेली कडुलिंब-चिंचांची राई — आत फिरायला पायवाटा. माईवहिनी आणि मी तिथे नेहमी जायचो. दिवाळीनंतर वाळल्या गवताची कुसळं पातळात शिरायची. मग माईवहिनी राईतल्या दगडी बाकावर माझ्या मागे बसून एकेक काढायच्या आणि सगळ्यांची जुडी करून गवताच्या पात्याने बांधायच्या. “कुणाच्या पायात जायला नकोत,” म्हणायच्या.

त्या दिवशी इंदिराला त्याच बाकावर बसवून, “आलेच” सांगून मी मांडवाकडे निघून आले होते. मुद्दामच. तिच्याशी काय बोलायचं?

परत गेले तर ती हसत होती.

“वन्सं, किती हलका हात हो तुमचा! मी वळूनसुद्धा बघितलं नाही... म्हटलं, उठून जाल.”

तिच्या लुगड्यावर एकही कुसळ नव्हतं. तिच्या पाठीमागे, बाकावर, गवताच्या पात्याने बांधलेली जुडी होती.

राईच्या फाटकाशी राखणदारीण बसली होती. मी तिला विचारलं, आत कोण गेलं होतं?

“न्हाय बाई, तुमी भाईर आल्यापास्नं कोन बी गेलं न्हाय. मी हितंच हाय की.”

इंदिरा माझ्यामागून आली होती, तिने ते ऐकलं. तिचा हात टाक नसलेल्या गळ्याकडे गेला.

“त्या रागावल्यात का माझ्यावर? मी घालू का टाक, वन्सं? ह्यांना नाही सांगणार...”

कोण आलं होतं, कसं आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. राखणदारीण खोटं बोलली असेल, तीच आत जाऊन आली असेल, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पण तिला ती जुडी बांधायला कुणी शिकवलं? रागावलेलं माणूस कुणाची कुसळं काढत बसत नाही, एवढंच तेव्हा कळलं. आणि हेही, की जे मी करायला हवं होतं, ते दुसरंच कुणी करून गेलं होतं.

माझ्या पातळाचा काठ कुसळांनी भरला होता. मी इंदिराला घेऊन परत राईत गेले आणि तिच्याकडे पाठ करून बाकावर बसले. म्हटलं,

“वहिनी, माझीही काढता का?”