नातीवर आलेलं राज्य

चारकोपच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं युनियनचं काम केलं. भलेभले तंटे मिटवले. त्यामुळे सोसायटीतल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी माझ्या पाच वर्षांच्या नातीला खेळायला घेतलं नाही, तेव्हा मी तरातरा खाली उतरलो आणि एका मिनिटात निकाल लावला. "कच्चा लिंबू म्हणून घ्या रे तिला!" पोरांनी माना डोलावल्या. कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर पळतो, पण त्याच्यावर राज्य कधी येत नाही. मी बाकावर जाऊन बसलो. स्वतःवर जाम खूश होतो.

तिसऱ्या दिवशी विष-अमृत चाललं होतं. ज्याच्यावर राज्य, त्याने हात लावून 'विष' म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. दुसऱ्या कुणी शिवून 'अमृत' दिलं की सुटायचं. नात पाण्याच्या टाकीजवळ हात अंगाला चिकटवून ताठ उभी होती. पोरं तिच्या आजूबाजूने धावत होती. बराच वेळ ती हलेना, म्हणून मी जवळ गेलो.

"काय गं, पळत का नाहीस?"

"मला विष मिळालंय," ती जेमतेम ओठ हलवत म्हणाली. "कुणी अमृतच देत नाही."

तिला विष कुणी दिलंच नव्हतं. कच्च्या लिंबूला कोण देणार? आपलं आपणच घेऊन ती वाट बघत उभी होती. मला वाईट वाटलं की मी आधी ओरडतो. राज्य असलेल्या दोन वेण्यांच्या मुलीला मी झापलंच.

"आजोबा, ती लहान आहे, रडेल ना," ती मुलगी म्हणाली. "आणि तुम्हीच तर सांगितलं होतं!"

खरं होतं. कामगारांना न विचारता मी कधी कुठल्या करारावर सही केली नाही, आणि इथे जिच्यासाठी भांडलो तिलाच विचारलं नव्हतं. गुडघे कुरकुरत असतानाही मी नातीसमोर खाली बसलो. "मी नाही बोलणार आता. तुला काय हवंय ते तूच सांग ताईला."

ती चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मला खरं खरं खेळायचंय."

"पहिलं विष तुला मिळालं तर पुढचं राज्य तुझ्यावर. मग रडायचं नाही हां," दोन वेण्यांची ताई म्हणाली.

"रडेन," नात म्हणाली, "पण घेईन."

पुढच्याच डावात पहिलं विष तिला मिळालं. राज्य आलं. ती धावली, पण कुणी हाती लागेना, आणि कुणी मुद्दाम हळूही पळेना. कबूल केल्याप्रमाणे ती रडली. फ्रॉकला नाक पुसत रडली, पण पळायची थांबली नाही. मी दोनदा बाकावरून उठलो आणि दोनदा खाली बसलो.

तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, रडतेय ती. जवळ घ्या ना तिला!"

"रडू द्या," मी छाती फुगवून म्हणालो. "राज्य आहे तिच्यावर."