वेंडल गिड्रीची पारख

वेंडल गिड्री आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सामान सांभाळायचा. एकतीस वर्षं. हेल्मेट, खांद्यांची पॅडं, बूट, मोजे, टॉवेल, शिवाय रोजची चार मशीन भरून धुणी. काम कष्टाचं होतं, नाही म्हणत नाही. पण ते नुसतं काम म्हणून करताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही. मोज्यांची जोडी द्यायची तर स्वतःच्या शेतीवाडीतला तुकडा तोडून दिल्यासारखी द्यायचा. नवे मोजे कोणाला, विटलेले कोणाला, हे तो ठरवायचा, आणि जो त्याच्या मनातून उतरला त्याने हंगामभर विटलेलेच घालायचे.

मी समोरच्या खोलीत. खेळाडूंचे घोटे पट्टीने बांधणं, दुखणीखुपणी बघणं हे माझं काम. मधलं दार सदा उघडं असे, त्यामुळे वेंडलची बडबड मला इच्छा नसताना पाठ झालेली आहे. "मी खेळायचो तेव्हा" अशी त्याची सुरुवात. तो खेळला होता दोन आठवडे. चेंडूला लाथ मारायची एवढीच जागा मागत होता, तीही जमेना. तेव्हाच्या कोचला दया आली, त्याने याच्या हातात टॉवेलांचा गठ्ठा दिला. लुइझियानाच्या आमच्या त्या टोकाला हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी तोंडावर बोलत नाही म्हणून वेंडलला वाटायचं की लोक विसरले.

वर्षातले तीन-चार दिवस मात्र त्याचे असत. व्यावसायिक संघांचे पारखी खेळाडू बघायला येत, ते दिवस. हे लोक आधी सामन्यांच्या फिती बघतात, सराव बघतात, आणि मग मैदानाबाहेर ज्यांना खेळाडू रोज दिसतात त्यांना गाठतात. कोणी बघत नसताना हा पोरगा कसा वागतो, एवढंच विचारतात. सामानवाल्याला तर हमखास. पद्धत शहाणपणाची आहे. फक्त आमच्याकडे त्या खोलीत वेंडल बसलेला होता.

येणारा प्रत्येक जण आपल्या संघाची एक टोपी त्याला देई. वेंडलने त्या खिळ्यांवर ओळीने टांगल्या होत्या. पारखी आला की तो खुर्चीत मागे रेलायचा, हात पोटावर बांधायचा, आणि विचारलेल्या खेळाडूचं नाव ऐकून आधी डोळे मिटायचा. आजार ओळखणाऱ्या मोठ्या डॉक्टरचा आव. मग निकाल द्यायचा. त्या निकालात खेळ कधी नसे. कोणी टॉवेल जमिनीवर टाकला, कोणी 'थँक यू' म्हटलं नाही, याचीच यादी असे.

सेड्रिक मेटॉयर शेवटच्या वर्षाला होता तेव्हाची ही गोष्ट. तो सेफ्टी खेळायचा. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा गडी. पुढच्या दहा जणांची चूक त्याच्यापर्यंत येते, आणि त्याची चूक थेट गुणफलकावर जाते. सेड्रिक फार वेगवान नव्हता. पण समोरचा चेंडू कुठे फेकणार हे त्याला फेकणाऱ्याच्या खांद्यावरून कळायचं, आणि पळणाऱ्याला गाठताना तो एकही पाऊल वाया घालवत नसे. मैदानात सतत बोलायचा. याला पुढे सरकव, त्याला आत घे. मैदानाबाहेर मात्र शांत. मला 'मिस जोनेल' म्हणायचा, आणि पट्टी बांधून झाली की उरलेले तुकडे स्वतः उचलून टाकायचा.

त्या ऑगस्टमध्ये त्याच्या हेल्मेटच्या आतली गादी एका बाजूने बसली होती. त्याने वेंडलला सांगितलं. वेंडल म्हणाला बघतो. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणाला, मी हेल्मेटं बसवत होतो तेव्हा तू जन्मला नव्हतास. तिसऱ्यांदाही सेड्रिकने नीटच सांगितलं. मी दारातून ऐकत होते, त्याचा आवाज जराही चढला नाही. चौथ्या दिवशी तो हेल्मेट घेऊन हेड कोचकडे गेला. कोच खाली आला, त्याने गादी अंगठ्याने दाबून बघितली आणि सगळ्यांसमोर वेंडलला विचारलं, याच्या डोक्याला काही झालं असतं तर त्याच्या आईला फोन तू करणार होतास का?

वेंडलने त्याच दिवशी हेल्मेट बदललं. त्या दिवसापासून सेड्रिकला विटलेले मोजे.

ऑक्टोबरमध्ये दोन पारखी एकाच दिवशी आले. एक होरेस टिल्मन, साठीचा, कमी बोलणारा, वर्षानुवर्षं येणारा. दुसरा ट्रेंट नावाचा तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वही. दोघांनीही सेड्रिकबद्दल विचारलं. वेंडलने डोळे मिटले.

"पोरगा वाईट नाही," तो म्हणाला. "पण कुरकुऱ्या आहे. आणि डोक्याचं काहीतरी आहे त्याच्या."

"डोक्याचं म्हणजे?" ट्रेंटने विचारलं.

"आता मी काय डॉक्टर आहे का? हेल्मेट टोचतं म्हणतो, डोकं धरून बसतो. ऑगस्टभर हेच. मी आपलं जे बघितलं ते सांगतोय."

ट्रेंटने वहीत लिहिलं. टिल्मनने काही लिहिलं नाही.

मी समोरच एका पोराचा घोटा बांधत होते. चार वर्षांत सेड्रिकच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. सगळे कागद माझ्याकडे होते, आणि ते दाखवायला त्याने सहीनिशी परवानगी दिलेली होती. तिथल्या तिथे उठून म्हणायला हवं होतं, की वेंडल, हे खोटं आहे. मी पट्टी गुंडाळत राहिले. वेंडलसारख्या माणसाबरोबर एका छताखाली वर्षं काढली की असली सवय लागते. आपण त्याला कीव करण्याजोगा समजतो, आणि त्या नादात त्याला मोकळं सोडतो.

बांधून झाल्यावर मी बाहेर पळाले. ट्रेंटची गाडी गेलेली होती. टिल्मन आपल्या गाडीच्या बॉनेटवर कागदात गुंडाळलेलं गरम बूदाँ, म्हणजे आमच्याकडचं भात भरलेलं सॉसेज, ठेवून खात उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. हेल्मेटचं, गादीचं, कोचचं. कागद दाखवते म्हटलं.

त्याने रुमालाने बोटं पुसली. "दाखवा, बघतो. पण मिस जोनेल, वेंडलला मी अकरा वर्षं विचारतोय. त्याने ज्याला ज्याला चांगला म्हटलं, त्यातला एकही कुठे टिकला नाही."

"मग विचारता कशाला?"

"ज्याला तो नावं ठेवतो, त्याची फीत मी परत एकदा बघतो. माझा वेळ वाचतो."

मला हसू आलं, आणि लगेच टिल्मनचाही राग आला. अकरा वर्षं हा माणूस टोप्या देऊन त्या खुर्चीतल्या फुग्यात हवा भरत होता, आणि त्या हवेचं पुढे काय होतं याची त्याला पडलेली नव्हती. मी विचारलं, त्या तरुण माणसाला हे ठाऊक आहे का? टिल्मन म्हणाला, तो दुसऱ्या संघाचा आहे, त्याला मी कशाला शिकवू?

ट्रेंटचं कार्ड माझ्या खणात होतं. फोन करायचा ठरवला. मग सामने आले, दुखापती आल्या, आणि आता उशीर झाला असं मी स्वतःला सांगितलं.

मार्चमध्ये पारखी घड्याळं घेऊन आले, मोजमापं झाली. सेड्रिकने चाळीस यार्ड पळायला चार पूर्णांक त्रेसष्ट सेकंद घेतले. सेफ्टीला ते चालतं, चमकत नाही. पण तोवर ट्रेंटच्या वहीतली ओळ फिरली होती. या धंद्यात एकाने लिहिलेलं दुसरा ऐकतो आणि स्वतःचं म्हणून तिसऱ्याला सांगतो. एका संघाच्या माणसाने मला आडून विचारलंही, त्या पोराच्या डोक्याचं काय झालं? मी त्याला कागद दाखवले. त्याने ते बघितले आणि म्हणाला, कागद ठीक आहेत, पण बोलणं उगाच होत नसतं.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीत तीन दिवस नावं वाचली गेली. सेड्रिकचं नाव आलं नाही. मग टिल्मनच्या संघाने त्याला बिननिवडीचा म्हणून बोलावलं, ऑगस्टच्या शेवटी काढलं, ऑक्टोबरमध्ये परत घेतलं. असं करत तो चार हंगाम टिकला. दोन हंगाम बहुतेक फक्त उंच मारलेल्या चेंडूमागे धावायला, मग कुठे सेफ्टीच्या जागेवर. नंतर तो आमच्याच राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी एका शाळेत शिकवायला आणि पोरांना खेळ शिकवायला लागला.

वेंडलने पहिल्याच वर्षी त्याचा व्यावसायिक संघातला शर्ट चौकटीत घालून भिंतीवर लावला. येणाऱ्या पारख्याला बोट दाखवून सांगायचा, "हा मी ओळखला होता. बाकीच्यांनी सोडला, मी सांगितलं होतं त्यांना." एकदा मी दारात उभी असताना हेच सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं. मला वाटलं, डोळ्याला डोळा भिडला की चाचरेल. चाचरला नाही. तेव्हा कळलं की हा खोटं बोलत नाही. याला खरंच तसं आठवतंय. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा किळस आली.

गेल्या मे महिन्यात वेंडल निवृत्त झाला. कॉलेजने जेवण दिलं, एक पितळी पाटी दिली. वेंडलने पाटीवरचं नाव दोनदा वाचून बघितलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा वेंडल कामावर कधी उशिरा आला नाही, एवढं म्हणून मी बसले. सेड्रिक मुद्दाम दीड तास गाडी चालवून आला होता. हात मिळवला, "मिस्टर वेंडल, तुम्ही आमचं फार केलंत" म्हणाला. मनापासून म्हणाला, ते मला सहन होईना.

जेवणानंतर मी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि सांगितलं. वेंडल काय बोलला ते, आणि मी काय बोलले नाही तेही.

सेड्रिकने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, मी सावकाश पळतो म्हणून माझं नाव आलं नाही. चार हंगाम मी सराव संपल्यावर एकटा चाळीस यार्ड पळायचो. घड्याळ लावून. गुडघा त्यातच गेला."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही टिल्मनला सांगितलंत ना." त्याने मला माफ केलं की नाही, ते त्यावरून मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नव्हता. उठताना त्याने एक हात बाकाच्या पाठीवर टेकला, मग गाडीकडे गेला.

आत आले तर वेंडल फोटोवाल्याला थांबवून ठेवून सगळ्यांना विचारत होता, माझा सेफ्टी कुठे गेला, माझ्या शेजारी उभा करा त्याला.

"गेला," मी म्हटलं, आणि माझी पर्स उचलली.